पुण्याची गाडी न पकडता

भोंगा वाजतो आणि तुम्ही दचकता. साल 1926, गाव अमळनेर. प्रताप मिलची पाळी सुटलीय. केसांत कापसाचे तंतू अडकलेली माणसं लगबगीनं घराकडं निघालीत. "कथा चालनात, भाऊ?" एक जण विचारतो. कॉलेज बघायला, तुम्ही सांगता. तो हसतो. कॉलेज पुण्याला. नाहीतर नाशिकला, तेही दोनच वर्षांपूर्वी निघालेलं. अख्ख्या खानदेशात एक नाही.

इथं आहे ते तत्त्वज्ञान मंदिर. गिरणीवाल्या प्रतापशेठनींच 1916 मध्ये काढलेलं. सुताच्या कमाईवर वेदान्त! असे शेठ आता शोधून सापडायचे नाहीत.

शाळेच्या छात्रालयात डोकावा. कंदिलाच्या उजेडात एक सडपातळ मास्तर मान खाली घालून लिहितायत. 'छात्रालय दैनिक'. छापखाना नाही, मदतनीस नाही, रोजचा मजकूर स्वतःच्या हातानं. लिहून झालं की ते उठतात आणि कुणा पोराचं विस्कटलेलं अंथरूण नीट घडी करून ठेवतात. हे साने मास्तर, पुढचे साने गुरुजी. 1930 मध्ये ते नोकरी सोडून सत्याग्रहात जातील. त्यांची पोरं मॅट्रिक होतील आणि ज्याच्या बापाला झेपेल तोच पुण्याची गाडी पकडेल. बाकीचे गिरणीत, शेतात, दुकानावर.

आता 1945. अमळनेरात प्रताप कॉलेज उघडलंय, जळगावात मूळजी जेठा. एकाच वर्षी दोन. तुमची पत्र्याची ट्रंक यंदा माळ्यावरच राहते. डबा घरचा, परीक्षा मात्र मुंबई विद्यापीठाची. (वर्षअखेरीस याच गावात प्रेमजींची वनस्पती तुपाची कंपनी निघते, पुढची विप्रो. शेअर घेऊन ठेवा, असं तुमच्या कानात कोणी सांगत नाही.)

मग मुंबई जाऊन पुणे विद्यापीठ येतं आणि चार दशकं ठाण मांडतं. कॉलेज दारात, पण मार्कशीटवर नाव चुकलं की अमळनेर काय, धुळं काय, रात्रीची एसटी धरून पुणंच गाठायचं.

15 ऑगस्ट 1990 ला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. 2018 पासून त्याला नाव बहिणाबाईंचं, अक्षरओळख नसलेल्या कवयित्रीचं. आता मार्कशीटसाठी अमळनेरहून धरणगाव, पाळधी करत बांभोरीला उतरा, गिरणेच्या पुलाअलीकडं. पाय उचला मात्र. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद होते.