डफ, झील आणि जलसा

परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी सभा घेतली आणि २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण तो विचार न शिकलेल्या माणसापर्यंत नेला जलसेवाल्यांनी. त्यांची नावं फारशी कोणी घेत नाही, याचं आम्हांला वाईट वाटतं.

१९३० नंतरच्या काळात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला. बाज तमाशाचाच. मात्र गणात गणपतीऐवजी बाबासाहेबांना वंदन, गवळणीला रजा, आणि पुढं मेलेलं ढोर ओढू नका, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला. गाणारे-वाजवणारे आपल्यातलेच. अक्षर येत नसलं तरी झील धरता येते, आणि चारचौघांत आवाज काढला की मान वर होते. नुसतं भाषण ऐकून हे कुठं घडतं?

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगाव डफावर जागं राहू लागलं.

आम्हीही पाळी सुटली की डफ शेकायला बसायचो. साच्यांच्या खडखडाटानं बधिर झालेलं डोकं हलकं व्हायचं. गुत्त्याकडं निघालेले एकदोघं झील धरायला थांबायचे, आणि मग थेट घरीच जेवायला जायचे.