मंदिराहून जुने कुंड

डिसेंबर उजाडला की सातारा-सांगलीकडील आपली कित्येक कुटुंबे घाट उतरून जुन्या गोव्यास यात्रेला जातात. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांना वंदन केल्यावर यात्रेकरूंची पावले समोरच्या से कॅथीड्रलकडे वळतात. तेथे प्रत्येकाची दृष्टी सोनेरी मुख्य वेदीवर खिळते. प्रवेशद्वाराजवळचे बाप्तिस्माकुंड मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

हे कुंड १५३२ सालचे आहे. आजच्या कॅथीड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले, इमारत १६१९ मध्ये उभी राहिली आणि वेद्या पूर्ण व्हायला १६५२ साल उजाडले. म्हणजे ज्या मंदिरात हे कुंड आहे, त्या मंदिराहून ते तीस वर्षांनी जुने आहे. संत कॅथरिनच्या नावे असलेले पूर्वीचे चर्च गेले, कुंड राहिले.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात असे पूर्वीही घडले आहे. बेल्जियममधील लिएज नगरीत ११०७ ते १११८ या काळात एक पितळी कुंड घडविले गेले. शलमोनाच्या मंदिरातील गंगाळ बारा बैलांच्या पाठीवर होते, त्याच धर्तीवर हेही बैलांवर विसावले आहे. मूळच्या बारांपैकी दहा बैल आज उरले आहेत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचे मूळ चर्च नष्ट झाले. भाविकांनी लपवून ठेवलेले कुंड १८०४ मध्ये संत बार्थोलोम्यूच्या चर्चमध्ये आले.

मध्ययुगात कुंडाची जपणूक फार कसोशीने होई. पास्काच्या जागरणविधीत आशीर्वादित केलेले पाणी त्यात दीर्घकाळ राही. ते चोरून कोणी जादूटोण्यासाठी वापरू नये, म्हणून कुंडाला झाकण व कुलूप असावे, असा नियम कँटरबरीचे आर्चबिशप संत एडमंड यांनी १२३६ मध्ये घालून दिला. पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्ममातापित्यांची नावे नोंदवहीत लिहिण्याचा दंडक घातला. आपल्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या वह्या त्याच परंपरेतील आहेत.

संत झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. इस्पितळात राहून ते रुग्णांची सेवा करीत, तुरुंगातील कैद्यांना भेटत आणि घंटा वाजवीत रस्त्यांतून मुलांना धर्मशिक्षणासाठी बोलावीत. याच कुंडाशी त्यांनी बाप्तिस्मा दिला, अशी परंपरा आहे. काही महिन्यांतच ते दक्षिणेच्या मोती-किनाऱ्याकडे निघाले. तेथे त्यांनी एवढ्या लोकांना बाप्तिस्मा दिला की हात थकून जात, असे त्यांनी १५४४ च्या पत्रात कळविले आहे.

वाचकहो, या पाण्याच्या इतिहासाचे एक पान दुःखद आहे आणि तेही आपण वाचले पाहिजे. १५५९ च्या राजाज्ञेनुसार गोव्यातील अनाथ हिंदू मुले ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजात ठेवण्यात येऊ लागली व त्यांना बाप्तिस्मा दिला जाई. १५६७ च्या गोवा प्रांतिक धर्मपरिषदेने, कोणालाही बळाने वा धमकीने श्रद्धेकडे आणू नये, असे बजावले. परंतु त्याच परिषदेने हिंदूंच्या जाहीर उपासनेवर बंदी घालण्याची मागणीही राजसत्तेकडे केली. एका हाताने दिलेले स्वातंत्र्य दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. श्रद्धा हा मनुष्याचा मुक्त प्रतिसाद असून त्यावर कोणाचीही सक्ती असू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी निःसंदिग्धपणे घोषित केले.

शेजारीपाजारी हिंदू, मुस्लीम व बौद्ध कुटुंबांमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या पानाचा विसर पडणे परवडणारे नाही. धर्मांतराविषयी कोणी कटू प्रश्न विचारला, तर रागावण्यापेक्षा खरे सांगावे. जे चुकले ते चुकले म्हणावे. आणि जे प्रेमाने दिले व मोकळ्या मनाने स्वीकारले गेले, त्याबद्दल कृतज्ञही असावे. पास्काच्या रात्री हाती मेणबत्ती धरून आपण बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करतो. तेव्हा धर्मगुरू प्रश्न विचारतात आणि उत्तर ज्याचे त्याने द्यायचे असते. तान्हेपणी आपल्या वतीने आईवडिलांनी व धर्ममातापित्यांनी दिलेले ते उत्तर त्या रात्री आपण स्वतः, स्वेच्छेने देतो.

पुढच्या यात्रेत त्या कुंडापाशी क्षणभर थांबावे. मुलांना त्याचे वय सांगावे. आणि घरी परतल्यावर, ज्या कुंडातील पाणी त्यांच्या मस्तकावर ओतले गेले, ते आपल्या चर्चमधील कुंडही त्यांना दाखवावे.