जुन्या ट्रकला वायरीचा अॅक्सिलरेटर

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हटले की आपल्याकडचा दहाचाकी मालट्रक डोळ्यांसमोर येत नाही. मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी म्हणजे तिथला ट्रक. शेवरले कंपनीचा ‘सी-१०’ हा त्यांतला विशेष लाडका. १९६७ ते १९७२ या काळातील सी-१० शोधून काढायचे, पत्रा दुरुस्त करायचा आणि कार्ब्युरेटरचे मूळ इंजिन उतरवून त्याजागी नवे इंजिन बसवायचे, हा छंद तिथे चांगलाच रुजला आहे. त्यासाठी पहिली पसंती असते ती जनरल मोटर्सच्या ‘एलएस’ घराण्यातील व्ही-८ इंजिनांना. या घराण्यातील एलएस-१ हे इंजिन १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आले. १९९९ पासून त्याची ४.८, ५.३ आणि ६ लिटरची भावंडे पिकअपमध्ये आली. त्यांतले ५.३ लिटरचे इंजिन भंगारवाड्यात सहज मिळते, हे या लोकप्रियतेमागचे खरे कारण.

इंजिन बसते, गिअरबॉक्स जुळतो आणि मग एक अडचण समोर येते. अॅक्सिलरेटरची केबल अडकवायला इंजिनावर जागाच नसते. २००३ नंतरच्या बहुतेक पिकअप इंजिनांत केबल नाहीच. पेडल दाबल्यावर फक्त विजेचा संदेश जातो, संगणक तो वाचतो आणि थ्रॉटल बॉडीतील छोटी मोटर हवेची झडप उघडते. आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारींतही आज हीच पद्धत आहे.

केबल तुटली तर गाडी फार तर थांबते. संदेश चुकला तर काय, हा प्रश्न अभियंत्यांपुढे सुरुवातीपासून होता. म्हणून पेडलमध्ये एक नव्हे, दोन सेन्सर असतात. सुरुवातीच्या काही पेडलांत तर तीन. नंतरच्या दोन सेन्सरच्या पेडलांत प्रत्येकाला ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा, स्वतंत्र अर्थ आणि स्वतंत्र संदेशवाहिनी असते. एकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण निम्मे राहावे, अशी रचना असते. हे प्रमाण बिघडले की संगणक कोणावरच विश्वास ठेवत नाही. तो पी २१३८ हा दोषांक नोंदवतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो. झडपेवरही असेच दोन सेन्सर असतात आणि वीज गेली तर स्प्रिंग तिला किंचित उघड्या स्थितीत आणून ठेवते. ही दुहेरी साक्ष हाच या व्यवस्थेचा प्राण. दोषांक दिसू नये म्हणून तिथे एखादा रेझिस्टर जोडण्याची युक्ती करणारे महाभाग आढळतात; ते नेमका हा पहारेकरीच झोपवतात.

म्हणून खरेदीच्या वेळीच पेडल, थ्रॉटल बॉडी आणि संगणक एकाच गाडीतून घ्यावेत. सुरुवातीच्या पिकअपमध्ये थ्रॉटल हाताळणारे वेगळे मॉड्यूल असते; तेही सोबत हवे. कॉर्व्हेटचे पेडल आणि पिकअपचे मॉड्यूल यांची जोडी जमेलच असे नाही. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम मुख्य संगणकातच सामावले गेले आणि एक डबा कमी झाला. ज्यांना ही सारी भानगड नको, त्यांच्यापुढे जुन्या पिढीच्या इंजिनावर केबलची थ्रॉटल बॉडी लावून संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलून घेण्याचा मार्ग असतो. पुढच्या पिढीत तो बराच अवघड होतो.

खरी कसोटी मात्र पत्र्यावर लागते. नव्या पिकअपचे पेडल वेगळ्या उताराच्या पायजागेसाठी घडविलेले असते. जुन्या सी-१० ची इंजिनामागची भिंत पातळ पत्र्याची. त्यावर पेडल थेट बोल्टने आवळले, तर पाय दाबताच पत्रा लवतो. आतल्या बाजूला जाड पोलादी पट्टीचा ब्रॅकेट करून भार पसरवावा लागतो. जागा ठरवताना सीट आणि स्टिअरिंग जागेवर असावे आणि मोजमाप करणाऱ्याच्या पायात रोजचे बूट असावेत. अॅक्सिलरेटर ब्रेकच्या पेडलपेक्षा थोडा खोल हवा. दोन्हींमध्ये इतके अंतर हवे की घाईत ब्रेक दाबताना बुटाची कडा त्याला लागू नये. ब्रेक पूर्ण खाली गेल्यावरही हे अंतर तपासावे, कारण त्या क्षणी दोन्ही पेडले एका पातळीत येऊ शकतात. पेडल शेवटपर्यंत दाबले तरी ते गालिच्यावर टेकू नये. त्याला स्वतःचा थांबा हवा, नाहीतर सारा जोर पेडलच्या प्लॅस्टिकवर येतो.

पायपुसण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते. २००९-१० मध्ये टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, त्या पेडलमध्ये अडकणारे पायपुसणे आणि चिकटणारी पेडले या कारणांनी. अमेरिकी सरकारने त्यानंतर ‘नासा’च्या अभियंत्यांकडून इलेक्ट्रॉनिक प्रणालीची तपासणी करून घेतली, फेब्रुवारी २०११ च्या अहवालात गाड्या अनपेक्षितपणे सुसाट सुटण्यामागे इलेक्ट्रॉनिक दोष असल्याचा पुरावा मिळाला नाही.

वायरींबाबत नियम सोपा. पेडलच्या वायरी मूळ कनेक्टरसह घ्याव्यात, मध्ये जोड देणे टाळावे आणि त्या इग्निशन कॉइलच्या वायरींपासून दूर न्याव्यात. अर्थची जोडणी रंग खरवडून उघड्या धातूवर करावी. जीर्णोद्धार केलेल्या ट्रकला हा रंग हमखास नडतो.

इंजिन चालू करण्यापूर्वी किल्ली ‘ऑन’ ठेवून स्कॅन उपकरण जोडावे. पेडल सोडल्यावर शून्य आणि पूर्ण दाबल्यावर शंभर टक्के दिसले पाहिजे. ऐंशीवर आकडा अडला, तर पेडल कुठेतरी टेकते आहे. या वेळी थ्रॉटल बॉडीत बोट घालू नये. झडपेची मोटर बोट सहज चिरडते. नंतर इंजिन गरम होईपर्यंत संगणकाला रिकाम्या चालीची नवी मापे शिकू द्यावीत. पहिली काही मिनिटे चाल थोडी वर-खाली होते, त्यात काही बिघडलेले नसते.