दंडावरची देवी

दिवाळीला घरात जमलेल्या वडीलधाऱ्यांच्या दंडाकडे एकदा पाहावे. रुपयाएवढे वाटोळे व्रण दिसले की समजावे, लहानपणी यांच्या देवी काढल्या आहेत. आपली भाषाही मोठी गमतीची! रोग झाला तरी देवी ‘आल्या’ आणि रोग टाळण्यासाठी टोचले तरी देवी ‘काढल्या’. ‘दंड’ हा शब्दही तसाच दुहेरी. एके काळी पोराचा दंड पुढे केला नाही, तर बापाला दंड भरावा लागे.

हिंदुस्थानात देवीची पहिली लस टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. बगदाद-बसऱ्याच्या वाटेने ती लस आली होती. पुढे कित्येक वर्षे एका पोराच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडात घालीत. ज्याचा फोड फोडायचा त्याच्या आईचा जीव तळमळे, आणि परजातीच्या पोराच्या अंगातले पाणी आपल्या पोराच्या अंगात जायचे म्हणून सोवळ्या घरांत कल्लोळ होई. साहेबलोक याला अडाणीपणा म्हणत. मला मात्र तसे सरसकट म्हणवत नाही. या वाटेने एकाचा दुसराच रोग दुसऱ्याच्या अंगात शिरू शकतो, हे पुढे युरोपातल्या डॉक्टरांनाही मान्य करावे लागले.

1877 साली मुंबईसाठी सक्तीचा कायदा झाला आणि 1880 साली हिंदुस्थान सरकारचा. हा दुसरा कायदा ठरावीक नगरपालिका आणि छावण्यांपुरताच होता. त्याच्या व्याख्येत ‘मूल’ म्हणजे चौदा वर्षांच्या आतला मुलगा आणि आठ वर्षांच्या आतली मुलगी. पोरीचे बालपण कायद्यानेही आठालाच संपवले! पण पालकाला तो अगदी हातपाय बांधून टाकीत नव्हता. मूल अशक्त असेल तर टोचणाऱ्याने तसा दाखला द्यायचा आणि टोचणी पुढे ढकलायची. माणसाच्या फोडातली लस नको असेल आणि जनावराची मिळण्याजोगी असेल, तर एक रुपयापर्यंतची फी भरून ती मागता येई. मॅजिस्ट्रेटपुढे आपले कारण मांडण्याचीही मुभा होती. विलायतेत लोकांनी इतका गदारोळ केला की 1898 मध्ये मनोदेवतेची हरकत म्हणून सूट मागण्याचा मार्ग तिथल्या कायद्यालाच ठेवावा लागला. इथे तसे काही झाले नाही.

आता शिरड शहापूरकडे वळू. औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव तेव्हा निजामाच्या मुलखात होते. मुंबईचा कायदा तिथे चालत नव्हता आणि त्या कायद्यातल्या सवलतीही नव्हत्या. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली. 26 जानेवारी 1950 पासून घटनेचे एकविसावे कलम मुंबईकरांना जसे लागू झाले तसेच शिरडकरांनाही. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आला. देवीचा रोग पुढे देशातून गेला, 1980 मध्ये जगातूनही गेला, आणि सक्तीचा प्रश्न जणू कपाटात पडला.

तो बाहेर आला कोरोनात. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईची लोकल दोन डोस घेतलेल्यांनाच खुली झाली. मुंबई उच्च न्यायालयाने पुढे त्या आदेशांच्या पद्धतीवर हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 2 मे 2022 रोजी. फिर्यादी होते बालरोगतज्ज्ञ जेकब पुलियेल. न्यायालयाने सांगितले की, एकविसाव्या कलमात आपल्या देहावरचा हक्क येतो, म्हणून कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येत नाही. मात्र सर्वांच्या आरोग्यासाठी सरकार काही बंधने घालू शकते. ती कायद्याला धरून, गरजेपुरती आणि प्रमाणात हवीत. साथ ओसरलेली असताना लस न घेतलेल्यांवरची बंधने न्यायालयाला प्रमाणात वाटली नाहीत. त्याच निकालात लसीकरणाचे धोरण मात्र उचलून धरले, आणि टोचणीनंतर त्रास झाला तर रुग्णाला स्वतः तक्रार नोंदवता येईल अशी सोय करा, असेही सरकारला बजावले.