वाघबीळच्या रस्त्यानं

आमच्या खळ्यावर उभं राहिलं की मावळतीला येऊरचा डोंगर दिसायचा. झोडणीच्या दिवसांत बाबा त्या डोंगराकडं बघून वेळ सांगायचे. सूर्य डोंगराला टेकला की शेवटचा भारा झोडायचा, पेंढा एका बाजूला लावायचा आणि घरी निघायचं. घरात घड्याळ होतं, पण खळ्यावर डोंगराचाच वेळ चालायचा.

आज त्या खळ्यावर गोडाऊन आहे. जागा मीच दिली, सही माझीच आहे. त्याबद्दल दुसऱ्या कुणाला बोल लावत नाही. पण त्या भिंतीमागं डोंगर गेला, आणि माझ्या नातवानं तो घरून कधी पाहिलाच नाही. शाळेत त्याला राष्ट्रीय उद्यानावर चार ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तो जंगल लांब हाय का?" मी म्हटलं, "आरं पोऱ्या, खाडीच्या पलीकडं तर हाय." मग एका रविवारी पोरानं गाडी काढली.

पूर्णा गावातून बोरिवलीच्या त्या जंगलाकडं जायला तीन वाटा आहेत. पहिली ठाण्यातून उपवन तलावावरून येऊरला चढते. ती सगळ्यात जवळची. वर आदिवासी पाडे आहेत आणि डोंगराची थंड हवा आहे. पण कान्हेरीची लेणी आणि मोठं फाटक बोरिवलीच्या अंगाला आहे, तिथं येऊरहून गाडी जात नाही. दुसरी वाट अंजूरफाट्यावरून खारबाव, कामण करत चिंचोटीला निघते. दिवा-वसईची रेल्वे तिच्या सोबतीनं धावते आणि उजव्या हाताला तुंगारेश्वराचे डोंगर दिसतात. लांबची वाट, त्यात कंटेनरांची गर्दी. तिसरी घोडबंदरची. आम्ही तिनं गेलो.

गाडी निघाली तसा मी नातवाला गावं सांगत गेलो. मागं राहिलं ते अंजूर. तिथल्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावकीनं पोर्तुगिजांविरुद्धच्या लढाईत पेशव्यांना साथ दिली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेनं वसई घेतली. शाळेच्या पुस्तकात वसईचा किल्ला असतो. ज्या गावातून त्याची खटपट झाली, ते आमच्या शेजारचं.

काल्हेर, कशेळी मागं टाकून पुलावर आलो. खाली उल्हास नदीची खाडी. मी म्हटलं, "हे पाणी ध्यानात ठेव, पुढं परत भेटंल." बाळकुम, कापूरबावडी, मानपाडा, पाटलीपाडा झालं. वाघबीळ आल्यावर पोरानं मान बाहेर काढली. "आजोबा, वाघ कुठं?" सगळीकडं उंच इमारती. "वाघ व्हता म्हनून नाव पडलं," मी म्हटलं. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी उगाच ठेवलं नसणार. गावाचं नाव म्हणजे अडाण्याचा दस्तऐवज, त्यावर शिक्का नसतो एवढंच.

गायमुखाला रस्ता घाटाला लागतो आणि सगळं बदलतं. उजवीकडं खाडी, तीच, कशेळीच्या पुलाखालची. डावीकडं जंगल. थोडं पुढं गेलं की नागल्याच्या बाजूलाही झाडी लागते, म्हणजे रस्ता जंगलाच्या मधूनच काढलेला. बिबट्या अजून हा रस्ता ओलांडतो आणि कधी गाडीखाली मरतो. मी पोराला म्हटलं, "हळू चालव." पुढं घोडबंदर. पोर्तुगिजांच्या काळात अरबी घोडे इथं उतरायचे, म्हणून हे नाव. तिथून काशीमिरा, दहिसर करत बोरिवलीच्या फाटकाशी आलो.

हे जंगल टिकलं कसं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, दोन हजार वर्षांपासूनची. सोपारा आणि कल्याण या बंदरांच्या व्यापारावर ती पोसली गेली. पण लेण्यांमुळं झाडं राहिली असं नाही. मुंबईला पाणी हवं होतं. १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ साली तुळशी. तलावाला पाणी हवं तर भोवतालचा डोंगर राखावा लागतो. पुढं १९५० साली मुंबई सरकारनं राष्ट्रीय उद्यानाचा कायदा केला, आणि कृष्णगिरी या कान्हेरीच्याच जुन्या नावानं उद्यान सुरू झालं. आज ते शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे.

या राखणीची झळ शेतकऱ्यालाही बसली. आवणासाठी आम्ही राब भाजायचो, त्याला टहाळ लागायचा, आणि टहाळ जंगलातून यायचा. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर त्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. म्हणजे जंगल आणि शेत यांचं भांडण जुनं आहे. तरी दोघं एकमेकांना दिसत होते.

मग मुंबईला माल ठेवायला जागा हवी झाली. भिवंडीची गावं मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, महामार्गाला लागून, जमीन स्वस्त. २०१७ साली जकात गेली, गोडाऊनं वाढतच राहिली. मुंबईला पाणी हवं होतं म्हणून डोंगर राहिला. मुंबईला गोडाऊन हवं होतं म्हणून खळं गेलं. गरज एकाच गावाची, नशीब दोघांचं वेगळं.

आता ठाण्यापासून बोरिवलीपर्यंत डोंगराखालून दुहेरी बोगदा होतो आहे, सुमारे बारा किलोमीटरचा. जुलै २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. वेळ वाचेल, डिझेल वाचेल, मी त्याला नावं ठेवत नाही. आजारी माणसाला तर त्याचा फायदाच आहे. पण बोगद्यातून जाणाऱ्या पोराला वाघबीळ लागणार नाही, गायमुखाची खाडी लागणार नाही. जंगलाच्या पोटातून जाईल आणि एक पान दिसणार नाही.

परतताना अंधार पडत होता. कशेळीच्या पुलावर नातवानं मागं वळून डोंगर पाहिला आणि विचारलं, "आजोबा, आपला शेत कुनी नाय राखला?" पोरानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "राखनारा मीच व्हतो."

तुम्हाला जायचं तर श्रावणात सकाळी जा, आणि घोडबंदरनंच जा. आमच्या गावावरून निघालात तर थोडं थांबा. गोडाऊनच्या मागच्या फाटकाशी, दोन भिंतींच्या फटीतून, डोंगराचा हातभर तुकडा अजून दिसतो. वॉचमनला माझं नाव सांगा, तो आत सोडतो.