निसटलेल्या हरणाची चुटपूट

लहानपणी बेळगावात आमच्या गल्लीत एक मामा होते. सख्खे मामा ते कुणाचेच नव्हते, पण अख्खी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. तरुणपणी ते खानापूरच्या रानात शिकारीला जायचे. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि त्यांची बंदूक कायमची खुंटीला लागली. मला समजायला लागलं तेव्हा मामांकडं शिकारीच्या फक्त गोष्टी उरल्या होत्या, आणि सोप्यातल्या भिंतीवर सांबराच्या शिंगांच्या तीन जोड्या.

त्या शिंगांबद्दल विचारलं की मामा म्हणायचे, "असतील कुठली तरी. आता काय ध्यानात राहतंय?" पण एक सांबर मात्र त्यांना पक्कं आठवायचं. ते भिंतीवर नव्हतं. ते निसटलं होतं. पहाटेची वेळ, नाल्याच्या काठाला मामा बसलेले, हाका अगदी बरोबर आलेला, सांबर जाळीतून बाहेर येऊन उभं राहिलेलं. घोड्यावर बोट गेलं आणि तेवढ्यात हाक्यातला एक पोरगा खोकला. संपलं! दर पावसाळ्यात ही गोष्ट व्हायची आणि दर पावसाळ्यात त्या सांबराची शिंगं चार बोटं वाढायची.

आम्ही जैनांची पोरं. "असलं ऐकू नये गं," असं आज्जी म्हणायची आणि कट्ट्यावर तांदूळ निवडत स्वतः सगळं ऐकायची. एकदा तिनं मध्येच विचारलं, "आणि त्या खोकणाऱ्या पोराचं काय झालं हो?"

"काय व्हायचंय? दोन मुस्काटात दिल्या आणि हाकलला. परत कधी हाक्याला घेतला नाही."

"नाव काय त्याचं?"

मामांनी बराच वेळ आठवून बघितलं. आठवलं नाही.

पुढं बी.ए.ला माझा इतिहास होता. परीक्षेपुरती सनावळी पाठ केली आणि लग्नानंतर विसरले. मुलं मोठी झाल्यावर वाचनालयातून परत पुस्तकं आणायला लागले, तेव्हा जहांगीर बादशहाच्या आठवणींचं भाषांतर हाती आलं, ‘तुझुक-इ-जहांगिरी’. वाचता वाचता मला सारखे आमचे मामा दिसायला लागले. काळ वेगळा, मुलूख वेगळा, दौलत तर विचारूच नका. पण शिकारी तोच.

जहांगीर मोठा चौकस माणूस. फुलं, पक्षी, चित्रं, फळांची चव, सगळं बारकाईनं लिहून ठेवणारा. शिकारीचा तर त्यानं हिशेबच मांडलाय. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्यासमोर 28,532 जनावरं मारली गेली. त्यातली 17,167 त्यानं स्वतःच्या हातानं मारली. त्यात 889 नीलगायी. आपण बायका किराण्याची यादी सुद्धा इतकी चोख ठेवत नसू!

नीलगाय म्हणजे काही गाय नव्हे, आणि शास्त्रानं बघायला गेलं तर ती सारंगाच्या कुळातली, खरं हरीण नव्हे. पण शिकाऱ्याच्या लेखी ते मोठं हरीणच. तर या 889 नीलगायींपैकी बहुतेकींची वहीत एका आकड्यापलीकडं काही खूण नाही. गोष्ट मिळाली आहे ती निसटलेल्या एकीला.

झालं असं. राज्यावर येऊन थोडीच वर्षं झाली होती. एके दिवशी शिकारीत बादशहा नीलगायीच्या अगदी टप्प्यात पोचला. नेम धरणार, तेवढ्यात घोड्याबरोबर चालणारा एक मोतद्दार आणि पालखीचे दोन भोई समोर आले. नीलगाय उधळली आणि गेली. बादशहाला भयंकर राग आला. त्यानं हुकूम दिला: मोतद्दाराला जागच्या जागी मारा, दोन्ही भोयांच्या पायांच्या शिरा तोडा आणि त्यांना गाढवावर बसवून छावणीभर फिरवा, म्हणजे पुन्हा कुणाची अशी हिंमत होणार नाही. हे सगळं त्यानं स्वतःच लिहिलंय. आणि लगेच पुढं लिहिलंय की, त्यानंतर मी घोड्यावर बसलो, ससाण्यांनी शिकार करत करत मुक्कामाला आलो.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला. पण डोक्यातून ते जाईना. मामांनी दोन मुस्काटात दिल्या, कारण मामांच्या हातात तेवढंच होतं. बादशहाच्या हातात जीव होता, त्यानं जीव घेतला. चुटपूट दोघांची एकच.

आपल्या भाषेत या भावनांना वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते उगाच नाहीत. हातातलं गेलं की चुटपूट लागते. आपल्या हातून वाईट घडलं की पश्चात्ताप होतो. चुटपूट म्हणते, ‘मला मिळालं नाही’. पश्चात्ताप म्हणतो, ‘मी केलं’. प्रतिक्रमणाला बसतो तेव्हा आपण दुसऱ्याबद्दल बोलतो, पहिल्याबद्दल नाही. नीलगाय गेल्याचं दुःख जहांगीरच्या वहीत आहे. मोतद्दार गेल्याचं त्या पानावर नाही. त्याचं नावही नाही.

बरं, हा माणूस हरणांचा वैरी होता म्हणावं, तर तसंही नाही. लाहोरजवळ शेखूपुऱ्याला ‘हिरन मिनार’ म्हणून एक उंच मनोरा आजही उभा आहे. जहांगीरचा एक लाडका पाळीव काळवीट होता, मनसराज त्याचं नाव. झुंजीत आणि रानटी हरणं धरून आणण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. तो मेला तेव्हा बादशहानं त्याची कबर बांधली, कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसवला आणि लेख कोरून घेतला. शिवाय हुकूम काढला की या माळावरच्या हरणांची कुणी शिकार करायची नाही. त्यांचं मांस हिंदूंनी गाईच्या आणि मुसलमानांनी डुकराच्या मांसासारखं समजावं. हरणाला नाव, कबर, मिनार. मोतद्दाराला काही नाही. माणसाचं मन किती घरांत वाटलेलं असतं बघा!

आणि आपल्या समाजाला जवळची गोष्ट याच काळातली. 1610 साली याच जहांगीरनं पर्युषणाच्या दिवसांत जनावरांची कत्तल करू नये असं फर्मान काढलं. आग्र्याच्या श्वेतांबर संघाला इतका आनंद झाला की त्यांनी उस्ताद शालिवाहन या दरबारी चित्रकाराकडून लांबलचक विज्ञप्तिपत्र रंगवून घेतलं आणि गुजरातेत विजयसेनसूरींकडं पाठवलं. बादशहा, दरबार, फर्मान घेणारे मुनी, आनंदानं जमलेली माणसं, सगळं त्यात आहे. आपण त्या फर्मानाचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. त्या दिवसांत कितीतरी मुके जीव वाचले असतील. पण नीलगाईचं ते पान वाचल्यापासून मला अभिमानाबरोबर एक प्रश्नही पडतो. कागदावर दया लिहिणं सोपं. नेम चुकतो त्या घडीला ती आठवते का?

तशी ती आठवलेला एक माणूस जहांगीरच्या घरातच होता. त्याचा बाप, अकबर.

मोगलांची एक शिकार असायची, ‘कमरगा’. हजारो माणसं मोठं वर्तुळ करून रानातली जनावरं दिवसेंदिवस आत आत रेटत आणायची. शेवटी सगळी एका मैदानात कोंडली की बादशहा आत शिरायचा. 1567 मध्ये लाहोरजवळ अकबरानं अशी मोठी शिकार पाच दिवस केली. नंतर 1578 मध्ये पंजाबात झेलमच्या काठी भेऱ्याजवळ पुन्हा कमरगा मांडला. वर्तुळ आवळत आलं. आता फक्त आत शिरायचं बाकी. आणि अचानक अकबराच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, त्यानं शिकार थांबवली. सगळी जनावरं सोडून द्या म्हणाला. चिमणीलासुद्धा कुणी बोट लावायचं नाही. फकिरांना सोनं वाटलं, स्वतःचे लांब केस कापून टाकले. दरबारी इतिहासकारांनी याची नाना कारणं दिलीत. त्या वेळी छोटा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, आठ वर्षांचा होता. हीरविजयसूरी गुजरातेतून पायी चालत फत्तेपूर सिक्रीला आले ते 1583 मध्ये. म्हणजे भेऱ्याची गोष्ट त्यांच्या आधीची. बी आधीच पडलं होतं, सूरींनी पाणी घातलं.

भेऱ्याची हकीकत वाचताना मला आमच्या किल्ल्यातली कमलबस्ती आठवली. 1204 साली बांधलेली, नेमिनाथांची. आज्जी आम्हाला हाताला धरून तिथं न्यायची आणि दर वेळी तीच गोष्ट सांगायची: नेमिनाथ नवरदेव होऊन निघाले, वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानावर आला, त्यांनी विचारलं, ही कशासाठी बांधलीत? लग्नाच्या जेवणासाठी, असं उत्तर आलं. जनावरं सुटली, नवरदेव माघारी फिरले ते थेट गिरनारला. पुराणातली गोष्ट वेगळी आणि इतिहासातली वेगळी, हे मला कळतं. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. हरीण निसटलं नाही, सोडलं गेलं. निसटलेल्या हरणाची चुटपूट जन्मभर लागते. सोडलेल्या हरणाची कुणाला लागलीय, असं मी अजून कुठं वाचलं नाही.

जहांगीरलाही पुढं हे थोडं कळलं असावं. त्याचा नातू शुजा लहानपणी फार आजारी पडला, तेव्हा त्यानं नवस बोलला की आता आपल्या हातानं कुठल्या जिवाला इजा करणार नाही. पोरगा बरा झाला. बंदूक खाली ठेवली गेली. आपल्यासारखंच ना? घरात पोर आजारी पडलं की आपणही काहीतरी सोडतो. पण तो नेम जन्मभर टिकला नाही.

शेवटची हकीकत मोतमिद खान या दरबाऱ्यानं लिहून ठेवलीय. साल 1627. बादशहा आजारानं खचलेला, काश्मीरहून लाहोरला परतत होता. वाटेत बैरमकल्ला नावाच्या डोंगराळ मुक्कामी शिकार ठरली. हरणं वर कड्यावर हाकायची आणि खाली बसून बादशहानं बंदूक झाडायची. एक हरीण अशा जागी थांबलं की नीट दिसेना. त्याला हलवायला गावचा एक प्यादा पुढं सरकला. पाय घसरला. त्यानं एका झुडपाला धरलं, झुडूप मुळासकट उपटलं आणि तो कड्यावरून खाली पडून ठार झाला.

या वेळी बादशहाला ते हरीण आठवलं नाही. तो माणूस आठवत राहिला. त्याच्या आईला बोलावून पैसे दिले, तरी जिवाला चैन पडेना. आपल्यासमोर मरणच येऊन गेलं, असं त्यानं मनाला लावून घेतलं. थोड्याच दिवसांत, 28 ऑक्टोबरला, वाटेतच तो वारला.

सुरुवातीला हरणापायी एक माणूस गेला, तेव्हा चुटपूट हरणाची. शेवटी हरणापायी एक माणूस गेला, तेव्हा दुःख माणसाचं. मधे सतरा-अठरा वर्षं आणि हजारो बार. यात भीती किती आणि दया किती, ते मी कोण ठरवणार? मरण जवळ आलं की सगळेच हळवे होतात. पण उशिरा का होईना, त्याची नजर हरणावरून माणसाकडं वळली, एवढं खरं.

आमचे मामा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. शेवटच्या आजारात आज्जी त्यांना बघायला गेली होती, मीही बरोबर होते. मामांना धड बोलता येत नव्हतं. मला वाटलं, आता सांबराची गोष्ट निघणार. पण ते आज्जीकडं बघून हळूच म्हणाले, "अक्का, त्या पोराचं नाव आठवलं नाही बघा अजून."

आज्जी काही बोलली नाही. तिनं त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.