यंत्राचे अनुमान

सिद्धता शोधून काढणे हे बुद्धीचे सर्वांत उच्च कार्य होय आणि नित्याच्या व्यवहारातील ज्ञान ही कोणासही सहज साध्य होणारी गोष्ट होय, अशी आपणां शिक्षकांची एक जुनी समजूत आहे. गणकयंत्राला तर्क शिकविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास पाहता ही समजूत उलटी करावी लागते, असे आम्हांस वाटते.

विचार म्हणजे एक प्रकारचा हिशेबच, ही कल्पना सतराव्या शतकात लायब्निट्सने मांडली. १८५४ मध्ये बूलने विधानांचे बीजगणित रचले. १८७९ मध्ये फ्रेगेने ‘सर्व’ आणि ‘काही’ या शब्दांना नेमके चिन्हरूप दिले. आणि १९१० ते १९१३ या काळात व्हाइटहेड व रसेल यांनी ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’च्या तीन खंडांत गणित तर्कावर उभारण्याचा प्रयत्न केला. यंत्र येण्यापूर्वीच त्याची भाषा अशी सिद्ध झालेली होती.

अमेरिकेत न्यूएल, सायमन व शॉ यांनी १९५५-५६ मध्ये ‘लॉजिक थिअरिस्ट’ नावाची आज्ञावली तयार केली. ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या प्रकरणातील पहिल्या ५२ सिद्धांतांपैकी ३८ तिने सिद्ध केले, एकाची सिद्धता तर मूळ ग्रंथकारांच्या सिद्धतेहून सुबक निघाली. या आज्ञावलीस सहलेखक म्हणून दाखविणारा लेख मात्र तर्कशास्त्राच्या एका नियतकालिकाने परत पाठविला. माणूस जसा चाचपडत वाट शोधतो तसे या यंत्राने करावे, असा कर्त्यांचा हेतू होता. हाओ वांग यांनी १९५८ मध्ये निराळा मार्ग धरला. माणसाचे अनुकरण सोडून त्यांनी तर्कशास्त्रातील पद्धतशीर रीत यंत्राच्या हाती दिली, आणि त्याच ग्रंथातील दोनशेंहून अधिक सिद्धांत काही मिनिटांत हातावेगळे झाले.

१९६५ मध्ये ॲलन रॉबिन्सन यांनी या रीतीला अत्यंत सुटसुटीत रूप दिले. जे सिद्ध करावयाचे त्याचा निषेध गृहीत धरावयाचा आणि विसंगती निघेपर्यंत विधाने जुळवीत जावयाचे. ‘सॉक्रेटीस मर्त्य नाही’ असे मानू. ‘जो कोणी असेल तो एकतर मनुष्य नाही, किंवा मर्त्य आहे’ या विधानाशी ते जुळविले, की ‘सॉक्रेटीस मनुष्य नाही’ एवढे उरते. ‘सॉक्रेटीस मनुष्य आहे’ हे तर आपणांस दिलेलेच आहे. तेव्हा विसंगती आली आणि सिद्धता पुरी झाली. यंत्रसिद्धतेच्या या परंपरेचे मोठे यश १९९६ मध्ये दिसले. रॉबिन्स यांनी १९३३ मध्ये बूलच्या बीजगणितासंबंधी उपस्थित केलेला प्रश्न टार्स्कीसारख्यांनाही सुटला नव्हता. अरगॉन येथील प्रयोगशाळेत विल्यम मॅक्यून यांच्या आज्ञावलीने सुमारे आठ दिवसांच्या शोधानंतर तो सोडविला.

याच काळातली दुसरी कथा इतकी विजयाची नाही. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये इंग्लंडात टेडिंग्टन येथे अशी कल्पना मांडली, की व्यवहारज्ञान विधानांच्या रूपाने यंत्राला सांगावे आणि पुढचे त्याने तर्काने काढावे. त्यांचे उदाहरण घरातील मेजापासून विमानतळापर्यंत जाण्याचे होते. तत्त्वज्ञ बार-हिलेल यांनी त्यावर तेथेच कडक टीका केली. पुढे १९६९ मध्ये मॅकार्थी व हेज यांनी एक विलक्षण अडचण दाखवून दिली. मेजावरचे पुस्तक उचलले तर काय बदलते ते सांगता येते. पण भिंतीचा रंग, दाराची कडी, मेजाची जागा यांत काहीही बदलत नाही, हे यंत्राला किती विधानांनी सांगावयाचे?

अपवादांची अडचण याहून बिकट होती. पक्षी उडतो, पेंग्विन पक्षी असून उडत नाही. रूढ तर्कशास्त्रात नवे विधान मिळाल्याने जुना निष्कर्ष मागे घेता येत नाही. व्यवहारात मात्र तो क्षणोक्षणी मागे घ्यावा लागतो. १९८० मध्ये रायटर व मॅकार्थी यांनी त्यासाठी नवे तर्कप्रकार सुचविले. आपल्या नैयायिकांचे येथे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, अग्नीवरून धुराचे होत नाही. कारण तेथे ओल्या सरपणाची उपाधी आहे. व्याप्तीची अशी पारख करण्यात त्यांनी शतके खर्चिली. इकडे १९८४ पासून डग्लस लेनाट यांच्या ‘साइक’ प्रकल्पात व्यवहारज्ञानाची लाखो विधाने हातांनी लिहिली गेली, तरी व्यवहाराचा तळ काही लागला नाही.

या दोन्ही कथा एकत्र वाचल्या, तर निष्कर्ष काढणे हा तर्काचा सोपा भाग ठरतो. कोणते विधान गृहीत धरावे, ते कोठवर खरे मानावे आणि केव्हा सोडावे, हा अवघड भाग होय. आज अस्खलित बोलणारी यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत; आपण कशाच्या आधारावर बोलतो हे ती दर वेळी उघड करतीलच असे नाही. अशा वेळी ‘यावरून काय निघते?’ एवढेच विचारून आमचे अध्यापन पुरे होणार नाही. ‘हे तू कशावरून धरलेस?’ हा प्रश्न वर्गात अधिक वेळा विचारला गेला पाहिजे, आणि तो आम्ही प्रथम स्वतःस विचारावयास हवा.